खानदानी तेलकट

या, ओळख करून देतो. या पोर्शे ९११ एससी. जन्म १९७९चा, माहेर जर्मनीतल्या श्टुटगार्टचं, त्यातही त्सुफेनहाउझेन या उपनगराचं. बांधा ठेंगणा, डोळे गोल आणि जरा वर रोखलेले, पाठ उतरती. सहा सिलिंडरांचं तीन लिटरचं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे टांगलेलं, त्यामुळे सगळा भार कमरेखाली. पहिल्याच भेटीत कुणी विचारलं, तुमचा रेडिएटर कुठे असतो हो, की बाई किंचित हसतात. "आम्ही हवेवर थंड होतो," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. पाणी, कूलंट, रेडिएटर ही सगळी चारचौघींची दुखणी.

त्यांचं बोलणं फारसं मनावर घेऊ नका. हवेचा पंखा आहे, नाही असं नाही. चांगला मोठा, गोल, इंजिनाच्या डोक्यावर ऐटीत बसलेला. मागचं झाकण उघडलं की आधी तोच दिसतो. दिसावा म्हणूनच तिथे ठेवलाय की काय, अशी मला दाट शंका आहे. पण पंख्याचा वारा लागतो तो बाहेरून. आतली धग, म्हणजे पिस्टनच्या बुडाची, बेअरिंगांची, कॅमशाफ्टची, हेडांची, ती उचलून बाहेर आणायचं काम तेल करतं. पिस्टनच्या खालच्या अंगावर तेलाची धार मारण्यासाठी या घराण्यात १९७१पासून खास बारीक जेट बसवलेले आहेत. साध्या मोटारीच्या पोटात चार लिटरच्या आसपास तेल असतं. बाईंच्या पोटात बारा-तेरा लिटर. नाव हवेचं, जीव तेलात. एवढं ओळखलंत की बाईंचा निम्मा स्वभाव कळला.

तेल ठेवायची तऱ्हाही न्यारी. बाकीच्या गाड्या आपलं तेल इंजिनाच्या तळाशी, चेंबरमध्ये ठेवतात. वळण वेगात घेतलं की ते तेल एका अंगाला चढतं, पंपाच्या तोंडी हवा येते आणि बेअरिंगांना उपास घडतो. बाईंना वेगाने वळायची हौस दांडगी, त्यामुळे त्यांनी तेल इंजिनात ठेवलंच नाही. उजव्या मागच्या मडगार्डच्या आत त्याची वेगळी टाकी आहे. इंजिनात एका दांड्यावर दोन पंप: एक टाकीतलं तेल दाबाने आत सोडतो, आणि दुसरा, त्याच्याहून मोठा, तळाशी निथळलेलं तेल ओढून परत टाकीकडे धाडतो. देणाऱ्या हातापेक्षा परत घेणारा हात मोठा. श्टुटगार्टकडची माणसं काटकसरीसाठी जर्मनीत प्रसिद्ध आहेत, ते उगाच नाही.

आता शिष्टाचार. तेल किती आहे, हा प्रश्न बाईंना कधी विचारायचा याचे नियम आहेत. इतर गाड्यांना तो बंद इंजिनावर विचारतात. इथे इंजिन पुरतं तापलेलं हवं, चालू हवं, संथ फिरत असलेलं हवं आणि जमीन सपाट हवी. बाई थंड असताना टाकीतलं तेल झिरपून इंजिनात उतरलेलं असतं. अशा वेळी डिपस्टिक काढली तर ती कोरडी येते. मग कुणीतरी घाबरून दोन लिटर ओततं. थोड्या वेळाने तापल्यावर जादा झालेलं तेल श्वासनळीतून एअर फिल्टरमध्ये चढतं, आणि बाई भर चौकात निळ्या धुराचा लोट सोडून आपला निषेध नोंदवतात.

डॅशबोर्डवर पाच डायल आहेत. मधला मोठा इंजिनाच्या फेऱ्यांचा. त्याच्या डावीकडे तेलाचं तापमान आणि तेलाचा दाब. त्याच्याही डावीकडे, अगदी कडेला, पेट्रोलच्या शेजारी तेलाची पातळी. एका इंजिनाच्या तेलाला तीन काटे! ज्यांना हवेवर थंड होण्याचा एवढा अभिमान, त्यांनी हवेसाठी एकही काटा ठेवू नये, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

या तिसऱ्या काट्याने पुष्कळांची झोप उडवली आहे. नवा मालक, रात्रीची वेळ, ऑटोबानवर गाडी सुसाट. सहज नजर डावीकडे जाते तर तेलाचा काटा तळाला टेकलेला. छातीत धस्स होतं. गाडी कडेला घेऊन तो आधी फोन लावतो, टो करणाऱ्या गाडीची चौकशी करतो, बायकोला सांगतो, मग घाम पुसत पुन्हा डॅशबोर्डकडे बघतो. इंजिन आता संथ फिरतंय आणि काटा सावकाश वर सरकतोय. गाडी पळत असताना तेल कामावर गेलेलं असतं, टाकीत बसून नसतं. काटा टाकीत काय आहे ते सांगतो. मालकांसाठीच्या पुस्तिकेत हे छापलेलं आहे. पुस्तिका वाचून गाडी चालवणारा माणूस मात्र अजून जन्माला यायचा आहे.

घराण्याविषयी दोन शब्द. थोरली बहीण १९६३ साली फ्रँकफर्टच्या मोटार प्रदर्शनात लोकांसमोर आली. तेव्हा तिचं नाव ९०१ होतं. मधे शून्य असलेले तीन आकडी क्रमांक आमचे, असं प्यूजो कंपनीने बजावलं आणि शून्याच्या जागी एक आला. इंजिन हान्स मेझगर यांच्या हातचं. टाकी वेगळी ठेवायची ही रीत तेव्हापासूनची.

या घराण्यातल्या १९७२च्या बहिणीचा एक किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. तिचा तोल सुधारावा म्हणून तेलाची टाकी मागच्या चाकाच्या पुढे आणली आणि तेल भरायला उजव्या दाराच्या मागे बाहेरून उघडणारं झाकण दिलं. सुबक, छोटं, अगदी पेट्रोलच्या झाकणासारखं. पेट्रोल पंपावरच्या पोरांनी काय करावं? गाडीचं झाकण दिसलं, नळी घातली. बारा-तेरा लिटर मानी तेलात पेट्रोल पडलं. कल्पना अभियंत्यांच्या दृष्टीने उत्तम होती, पण पंपावरच्या माणसाला विचारायचं राहिलं होतं. पुढच्याच वर्षी टाकी निमूटपणे जुन्या जागी गेली आणि झाकण बंद झालं. आज त्याच एका वर्षाच्या गाड्यांसाठी संग्राहक जीव टाकतात. या घराण्यात चूकसुद्धा जुनी झाली की दागिना होते.

आपल्या बाईंवरही एक वेळ आलीच होती. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस कंपनीतल्या वरिष्ठांना वाटू लागलं, की या जुन्या वळणाच्या बाईंचे दिवस भरले. पाण्यावर थंड होणारी, इंजिन पुढे असलेली ९२८ हीच आता घराची सून. १९८१च्या सुरुवातीला पेटर शुट्झ हे नवे प्रमुख आले. कंपनीचे तांत्रिक प्रमुख हेल्मुट बोट यांच्या खोलीत भिंतीवरच्या तक्त्यावर प्रत्येक मॉडेलच्या भवितव्याच्या रेघा काढल्या होत्या. बाकीच्यांच्या पुढे जात होत्या, ९११ची १९८१च्या शेवटी थांबत होती. शुट्झ यांनीच नंतर सांगितलेली गोष्ट अशी, की त्यांनी मार्कर उचलला आणि ती रेघ तक्त्यावरून भिंतीवर आणि भिंतीवरून दारापर्यंत ओढत नेली. हवेवर (तेलावर!) थंड होणारी ९११ त्यानंतर १९९८पर्यंत बनत राहिली. बाई या गोष्टीचा उल्लेख स्वतःहून करत नाहीत. पण कुणी काढली तर थांबवतही नाहीत.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. बाईंच्या दोन्ही कुशींत एकेक चेन आहे. इंजिनाचा फिरता दांडा या चेनच्या मदतीने दोन्हीकडचे कॅमशाफ्ट फिरवतो. चेन सैल पडू नये म्हणून प्रत्येक बाजूला एक टेन्शनर. एससीच्या काळापर्यंत हे टेन्शनर बंद डब्यासारखे होते: आत स्प्रिंग, थोडंसं स्वतःचं तेल, वर दट्ट्या. ज्या इंजिनात तेरा लिटर तेल सतत फिरतं, त्यातल्या सगळ्यांत नाजूक भागाला मात्र शिदोरीतलं घोटभर तेल बांधून दिलेलं! शिदोरी संपली, म्हणजे आतलं सील गळलं, की दट्ट्या खाली बसायचा, चेन ढिली व्हायची, आणि सकाळी किल्ली फिरवताच एका कुशीतून खडखडाट ऐकू यायचा. खडखडाटाकडे दुर्लक्ष केलं तर एक दिवस चेन दात चुकवते, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि बाईंची शस्त्रक्रिया होते. बिल पाहून मालकाचीही.

मेकॅनिकांनी यावर आपल्या परीने तोडगा काढला. दट्ट्याच्या भोवती एक लोखंडी गळपट्टा अडकवायचा. टेन्शनर मेला तरी दट्ट्या पुरता खाली जाणार नाही, चेन एका मर्यादेपलीकडे ढिली होणार नाही. स्वस्त आणि मस्त. बरीच वर्षं लोक यावर निभावले. पण हा उपाय म्हणजे रोगी पडू नये म्हणून त्याला खांबाला बांधून ठेवणं. आणि गळपट्टा आहे या भरवशावर जे निवांत राहिले त्यांतल्या काहींचं तेलही गेलं, तूपही गेलं.

खरा उपाय माहेरूनच आला. १९८४च्या कॅरेरा ३.२ या धाकट्या बहिणीला कंपनीने नवे टेन्शनर दिले. शिदोरी बंद, आता इंजिनाच्याच दाबाचं तेल बारीक नळीतून सतत टेन्शनरला पोचणार. आणि वर कंपनीने हे टेन्शनर जुन्या बहिणींनाही बसवता येतील अशी जोडणी विकायला काढली.

इथे या घराण्याचा मला सर्वांत आवडणारा गुण दिसतो. आपल्याकडे थोरलीचे कपडे धाकटीला होतात. इथे सगळं उफराटं. धाकटीचं थोरलीला होतं. इंजिनाची मूळ बैठक वर्षानुवर्षं तीच राहिल्यामुळे कॅरेराचा टेन्शनर एससीला बसतो, एससीलाच काय, साठच्या दशकातल्या आजीबाईंनाही बसतो. थोडंफार उसवून-शिवून घ्यावं लागतं, इतकंच. बाई बाहेरचं सहसा अंगाला लावून घेत नाहीत. पण धाकटीच्या कपाटातलं काही मिळालं तर वय विसरून मिरवतात.

उसवणं-शिवणं मात्र वाटतं तेवढं सोपं नाही. जोडणीत दोन टेन्शनर, तेलाच्या नळ्या, त्या नळीसाठी भोक असलेली चेनची नवी झाकणं आणि पॅकिंग. आपल्या बाई १९७९च्या, म्हणजे त्यांना आयडलर आर्मही नवे लागतात, कारण जुने आर्म आपल्या खुंटीवर अडकायचे आणि त्या अडकण्याचा सगळा त्रास बिचाऱ्या टेन्शनरला व्हायचा. आधी सायलेन्सर, हीटरच्या नळ्या आणि मागचा पत्रा उतरवायचा. मग चेनचं झाकण. जुना टेन्शनर काढताना चेन सैल सुटली तर कॅम फिरतो, म्हणून ती हाताने किंवा पकडीने ताणून धरायची. नवा टेन्शनर दट्ट्या दाबून, पिन घालून आलेला असतो. तो बसवायचा, नट आवळायचा आणि मग पिन ओढायची. खट्ट आवाज होतो, दट्ट्या वर येतो, चेन ताठ होते. झाकण त्यानंतर. जाणता मेकॅनिक झाकण लावण्यापूर्वी दोन्ही पिना टेबलावर शेजारी शेजारी ठेवून मोजतो. दोनच असतात, तरी मोजतो.

दुसरं दुखणं तापाचं. इंजिनाला चिकटून एक ऑइल कूलर जन्मापासून आहे. पण तेवढ्याने भागत नाही, म्हणून उजव्या पुढच्या मडगार्डमध्ये, दिव्याच्या मागे, आणखी एक. एससीच्या सुरुवातीच्या वर्षांत तिथे खरं तर कूलर नव्हताच, एक वाकवलेली नळी होती. आकारावरून लोकांनी तिला ट्रॉम्बोन म्हटलं, ते वाद्य वाजवणाऱ्यांनी अब्रूनुकसानीचा दावा कसा लावला नाही कळत नाही. थंडीच्या दिवसांत मोकळ्या रस्त्यावर ही नळी पुरते. पण बाईंच्या पुष्कळ बहिणी कॅलिफोर्नियात नांदायला गेल्या. तिथे उन्हाळ्यात, संध्याकाळच्या गर्दीत, पुढच्या गाडीच्या सायलेन्सरची ऊब घेत उभं राहिलं की तापमानाचा काटा उठतो. नव्वदीच्या आसपास असला तर बाई खुशीत. एकशेवीसकडे निघाला की मालक एसी बंद करतो, खिडकी उघडतो आणि हसतमुख राहण्याचा प्रयत्न करतो.

उपाय पुन्हा धाकटीच्या कपाटात. कॅरेराच्या पुढच्या वर्षांत याच जागी जाळीदार, रेडिएटरसारखा कूलर आला, आणि पुढे त्याला विजेचा पंखाही. तो एससीत बसतो. ज्या बाईंनी आयुष्यभर रेडिएटरला नाकं मुरडली, त्यांच्या मडगार्डमध्ये आता रेडिएटरच बसलाय म्हणा ना! पण त्या त्याला कूलर म्हणतात, आपणही कूलरच म्हणू.

हा कूलर बसवणं अर्ध्या दिवसाचं काम, असं सांगणारा मेकॅनिक भेटला तर त्याला चहा पाजा आणि दुसरा शोधा. मागच्या उजव्या चाकाच्या पुढे, मडगार्डच्या आत, एक थर्मोस्टॅट असतो. तेल थंड असेल तर तो पुढची वाट बंद ठेवतो. ऐंशी-पंच्याऐंशी अंशांना वाट उघडतो आणि तेलाला पुढच्या कूलरची सहल घडवतो. त्याला येणाऱ्या-जाणाऱ्या नळ्या मोठ्या नटांनी जोडलेल्या, छत्तीसचा पाना लागतो. जागा अशी, की मागचं चाक चाळीस वर्षं त्याच्यावर पावसाचं पाणी, चिखल आणि बर्फाळ देशात मीठ फेकत आलंय. वर दोन वेगवेगळ्या धातूंचा संसार. ते आता एकमेकांना सोडत नाहीत.

पहिल्या दिवशी मेकॅनिक गंज सोडवणारं तेल मारून घरी जातो. दुसऱ्या दिवशी एका पान्याने थर्मोस्टॅट धरून दुसऱ्याने नट फिरवू बघतो. नट हलतो! सगळे खूश. मग कळतं की नटाबरोबर नळीही पिळली जातेय. आता बर्नरची ऊब द्यायची, पण आत तेल आहे हे ध्यानात ठेवून. काही वेळा तेही चालत नाही. तेव्हा शहाणा माणूस बारीक चक्ती घेतो आणि नटावर आडवी नव्हे, उभी खाच पाडतो, आट्यांच्या जेमतेम वरपर्यंत. मग त्या खाचेत छिन्नी ठेवून एक ठोका. नट उकलतो. नळी गेली तर नवी मिळते. थर्मोस्टॅटचे आटे गेले तर खिसा जातो. बळी कुणाचा द्यायचा हे आधी ठरवून मगच हत्यार उचलायचं. परत जोडताना आटे धरू न देणारं ग्रीस लावायला बाई विसरू देत नाहीत. मागच्या पिढीतला कुणी ते लावायला विसरला म्हणून तर हा खटाटोप.

मागून पुढे जाणाऱ्या या तेलाच्या नळ्या उजव्या दाराच्या खालून, उंबऱ्याच्या कडेने जातात. टायरच्या दुकानातला एखादा पोरगा नेमका तिथेच जॅक लावतो. गाडी उचलली जाते, नळी चेपते, कुणाला काही कळत नाही. पुढे कुठेतरी ताप चढतो आणि निष्पाप थर्मोस्टॅटवर संशय घेतला जातो. म्हणून जाणते मालक टायर बदलताना दुकानाबाहेर बाकावर बसत नाहीत. ते गाडीच्या उजव्या बाजूला, डोळ्यांत तेल घालून उभे असतात.

गळतीविषयी विचारणं अशिष्ट आहे, पण विचारलंतच तर सांगतो. गळतं. हेडकडून इंजिनात तेल परत आणणाऱ्या नळ्यांच्या टोकांना रबरी ओरिंग असतात. ते कडक होतात, थेंब पडतो, आणि नेमका एक्झॉस्टच्या गरम पेटीवर पडतो. बाईंचा हीटर याच पेटीवरची हवा आत घेतो. थंडीत हीटर लावला की आत तळणाचा वास दरवळू लागतो. सुदैवाने या नळ्यांना पर्याय आहे: दुर्बिणीसारखी आत-बाहेर सरकणारी नळी. इंजिन न उतरवता ती बसते, आणि चांगल्या रबराचे ओरिंग वापरले तर बाई पुष्कळ वर्षं तोंडावर हात ठेवून शिंकतात.

एक जागा मात्र अशी आहे जिचं नाव काढलं की मेकॅनिकचा चेहरा पडतो. पंख्याच्या खाली, इंजिनाच्या माथ्यावर, तीन गोष्टी जवळजवळ आहेत: तेलाच्या दाबाचा स्विच, इंजिनाचा थर्मोस्टॅट आणि श्वासनळीचं झाकण. तिन्हींच्या खाली पॅकिंग, आणि तिन्ही गळतात. मंडळी तिला 'मृत्यूचा त्रिकोण' म्हणतात. मरत कुणी नाही. पण तिथे हात घालायचा तर इंजिन खाली उतरवण्यावाचून गत्यंतर नाही असं बहुतेक म्हणतात. आणि इंजिन उतरलं की मालकाच्या तोंडून ते वाक्य निघतं, ज्याची गॅरेजवाला वाटच पाहत असतो: "आता उघडलंच आहे तर..." आता उघडलंच आहे तर रॉकर शाफ्टना रेसिंगच्या गाड्यांसारखे बारीक सील घालू. आता उघडलंच आहे तर क्लच बघू. त्रिकोणातल्या तीन पॅकिंगांसाठी आत गेलेली गाडी सहा महिन्यांनी बाहेर येते.

सगळी बहिणाबहिणींची देवघेव इतकी सरळ नाही. नंतरच्या काळातला मोठा तेलाचा पंप जुन्या बहिणींना बसवतात. पण त्यासाठी क्रँककेसचे दोन भाग वेगळे करावे लागतात, तेव्हा नुसत्या पंपाच्या हौसेखातर कुणी जात नाही. मॅग्नेशियमच्या केसवाल्या थोरल्या बहिणींमध्ये जादा दाबाचं तेल इंजिनाच्या तळात सोडलं जायचं. ते वळवून सरळ पंपाच्या तोंडाशी न्यायचं एक जुनं काम आहे, तेही केस उघडली असतानाच उरकतात. आपल्या एससीबाईंना हे पथ्य नाही. त्यांची केस ॲल्युमिनियमची आणि तेवढ्यावरून त्या थोरल्यांपुढे जरा ताठ असतात.

पथ्य दुसरं आहे, आणि उत्साही मालक नेमकं तेच मोडतात. पुढे कूलर भला मोठा लावला आणि त्याला थर्मोस्टॅट दिला नाही, तर बाईंना ताप कधी येतच नाही, हे खरं. पण तेल कधी पुरतं तापतही नाही. थंड, जाड तेल घेऊन बाई कुरकुरत राहतात आणि आतला ओलावा वाफ होऊन जायचा तो आत साचतो. तसंच तेलाचं. बाटलीवर जितकं नवं लेबल तितकं तेल चांगलं, असं समजणाऱ्यांना बाई दारात उभं करत नाहीत. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ नयेत म्हणून आजच्या तेलात जस्त आणि फॉस्फरस कमी ठेवतात. बाईंच्या कॅमशाफ्टला मात्र ते जुन्या मापाने लागतं. म्हणून मालक दुकानात जाऊन बाटलीच्या मागचा बारीक मजकूर औषधाच्या चिठ्ठीसारखा वाचतो आणि दुकानदार त्याच्या मागे उभा राहून घड्याळ बघतो.

तुमच्या मनात बाईंना घरी आणायचं असेल तर एक सांगून ठेवतो. रंग, सीट, चाकं, मीटरवरचे आकडे यांत विकणारा तुम्हाला रमवेल. रमा. पण त्याआधी मागचं झाकण उघडून खाली वाका आणि दोन्ही बाजूंना चेनच्या झाकणाकडे जाणारी एक बारीक तेलाची नळी दिसते का ते बघा, बॅटरी घेऊन बघा. दिसली तर बोलणी पुढे न्या. न दिसली आणि विकणारा म्हणाला, "अहो, आतल्या टेन्शनरना गळपट्टे घातलेत की," तर टेन्शनर, आयडलर आर्म, पॅकिंग आणि मजुरी असा सगळा हिशेब कागदावर मांडून किमतीतून वजा करायला लावा. मी बाईंच्या बाजूचा माणूस आहे, तरी सांगतो.